न दिसणारी चकती

आमच्या तिरोड्याला बर्फ दोनच ठिकाणी दिसायचा. एक, गोळेवाल्याच्या हातगाडीवर, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेला. दुसरा, लग्नाच्या मांडवामागे, सरबताच्या ड्रममध्ये तरंगणारा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो आणि धानाच्या बांध्यांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात, असं हे गाव. आणि या गावात काही वर्षं आम्ही चक्क बर्फावरची हॉकी पाहिली! खोटं वाटेल, पण खरं आहे. आणि तीही एखाद्या वेळी नव्हे, चांगली महिनोन् महिने.

हे आठवायला निमित्त झालं टोरांटोतल्या भाच्याचं. फोनवर इकडचं तिकडचं बोलताना तो म्हणाला, "मामा, इकडे नुसत्या आइस हॉकीचं एक चॅनेल होतं. चोवीस तास तेच!" मग मी जरा शोधलं. चॅनेलचं नाव एनएचएल नेटवर्क. एनएचएल म्हणजे तिकडची नॅशनल हॉकी लीग, १९१७ मध्ये माँट्रियलला स्थापन झालेली. कॅनडात हे चॅनेल ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झालं, अमेरिकेत ऑक्टोबर २००७ मध्ये. कॅनडातलं २०१२ मध्ये बंदही झालं. म्हणजे ज्या देशात हा खेळ घरोघरी खेळला जातो, तिथेसुद्धा एका खेळाचं चॅनेल चालवणं सोपं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. एखाद्या खेळाला चॅनेल मिळतं ते कशामुळे? आणि ज्याला मिळत नाही त्याचं पुढे काय होतं? उत्तर शोधत मागे जायला लागलो तर वाट थेट आमच्या घरावरून गेलेल्या केबलच्या काळ्या वायरपाशी पोचली. म्हणून हा लेख. जरा लांबलाय, पण वाचा.

सुरुवात अर्थात दूरदर्शनपासून. दिल्लीत ते १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्यासारख्या गावांचा नंबर लागायला मात्र १९८२ चं आशियाड यावं लागलं. १५ ऑगस्ट १९८२ पासून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागला, रंगीत चित्र आलं, आणि त्या वर्षी १९ नोव्हेंबरपासून दिल्लीत आशियाई खेळ झाले. पुढे इन्सॅट-१बी उपग्रह आला आणि १९८४ मध्ये सरकारनं लहान ताकदीचे प्रक्षेपक देशभर धडाक्यानं उभारले. मग छपराछपरांवर बांबूला बांधलेल्या अँटेना दिसायला लागल्या. (तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला.)

त्या आशियाडची एक कडू आठवण सगळ्या देशाला आहे. १ डिसेंबर १९८२. हॉकीची अंतिम लढत, भारत विरुद्ध पाकिस्तान. देशात पहिल्यांदाच एवढ्या लोकांनी आपल्या हॉकी संघाला डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहिलं काय, तर ७-१ असा पराभव. आमचे मोठे बाबा म्हणायचे, "रेडिओवर होती तोवर आपली हॉकी जिंकत होती. टीव्हीत आली अन् हारली." त्यांचं हे म्हणणं अगदी खरं नाही. पण अगदी खोटंही नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रेल्वेत होते. नागपूर-हावडा लाइनवरच्या कितीतरी स्टेशनांवर त्यांनी नोकरी केली आणि जिथे जिथे रेल्वेचं मैदान होतं तिथे हॉकी खेळले. लेफ्ट हाफ. डाव्या पायाच्या नडगीवर एक खड्डा होता, तो आम्हां पोरांना दाखवत. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला भारतानं पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक जिंकला, त्या सामन्याची जसदेव सिंग यांची हिंदी कॉमेंट्री त्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकली होती. अशोक कुमारचा तो निर्णायक गोल ते असा वर्णन करून सांगत, की जणू पास त्यांनीच दिला होता.

आणि पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. भारत सातवा आला. मैदानच बदललं हो! आमच्याकडे मुरुमावर खेळणारी पोरं होती, तिकडे चेंडू काचेवरून पळावा तसा पळत होता. गवत महाग, त्याला पाणी मारायची सोय महाग. तिरोड्याच्या पोरानं ते गवत कधी पाहायचं आणि कधी त्यावर पळायचं? हा पहिला घाव. दुसऱ्या घावाकडे येतोच.

आता केबल. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं आणि सीएनएनचं चित्र मोठ्या शहरांतल्या पंचतारांकित हॉटेलांच्या छत्र्यांवर उतरलं. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, एशियासॅट-१ या उपग्रहावरून. सुरुवातीला पाच चॅनेलं होती: स्टार प्लस, बीबीसीचं बातम्यांचं चॅनेल, एमटीव्ही, एक चिनी चॅनेल आणि प्राइम स्पोर्ट्स. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं.

गंमत अशी, की सुरुवातीला हे सिग्नल कुलूपबंद नव्हते. ज्याच्याकडे छत्री त्याला चित्र. पण छत्री म्हणजे आजची ताटाएवढी डिश नव्हे. तेव्हाचे सिग्नल सी बँडमधले, क्षीण. ते गोळा करायला बारा-बारा फुटांची जाळीची छत्री लागायची. ती एका घराला परवडण्यासारखी नव्हती, पण शंभर घरांनी मिळून सहज परवडायची. हेच केबलचं सगळं अर्थशास्त्र. कोणा एका हुशार माणसानं गच्चीवर छत्री लावायची, प्रत्येक चॅनेलला एक रिसिव्हर आणि एक मॉड्युलेटर ठेवायचा, सगळे सिग्नल एका वायरीत कोंबायचे, आणि ती वायर विजेच्या खांबांवरून, कडुनिंबाच्या फांद्यांवरून, लोकांच्या कौलांवरून घरोघर न्यायची. वायर लांब गेली की चित्र फिकट व्हायचं, म्हणून मध्ये मध्ये बूस्टर. शेवटच्या घरापर्यंत चित्र पोचेस्तोवर त्यात मुंग्याच मुंग्या!

आमचं घर जवळजवळ शेवटचं.

आमच्या केबलवाल्या भाऊकडे सुरुवातीला मोजकीच चॅनेलं होती, त्यातलं एक प्राइम स्पोर्ट्स. आणि या चॅनेलची अडचण काय, तर त्याला चोवीस तास भरायचे होते. एकच चॅनेल, एकच चित्र, आशियाभर. हाँगकाँगलाही तेच आणि आमच्या टिळक वॉर्डातही तेच. भारतातल्या जाहिराती अजून नीट सुरू झाल्या नव्हत्या, त्यामुळे भारतातल्या माणसाला काय हवं हे विचारायचं कोणाला कारण नव्हतं. मग जे स्वस्तात आणि ढिगानं मिळेल ते: मोटारींच्या शर्यती, गोल्फ, कुस्तीच्या नावाखाली मारामाऱ्या, समुद्रकिनाऱ्यावरचा व्हॉलीबॉल. आणि बर्फावरची हॉकी. पुढे ईएसपीएन आलं तेव्हा त्यावरही ती दिसायची.

मला आता वाटतं, ते सगळं आपल्यासाठी नव्हतंच, म्हणूनच ते आपल्याला दिसलं. कोणी आपली आवड मोजत नव्हतं, तोवर जगातला कुठलाही खेळ आमच्या घरात बिनदिक्कत यायचा.

मोठे बाबा निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले होते. टीव्हीवर "हॉकी" असं ऐकलं की ते खुर्ची पुढे ओढत. पहिल्यांदा ही भानगड पाहिली तेव्हा म्हणाले, "हे काय होय रे? मानसं लढून राहिले, अन् चेंडू कुठी आहे?"

चेंडू नसतोच. एक रबराची काळी चकती असते, तीन इंच रुंद, एक इंच जाड. तिला पक म्हणतात. ती बर्फावरून अशी सुटते, की चांगल्या चित्रातही डोळा ठरत नाही. आमच्या मुंग्यांच्या चित्रात तर ती कधी म्हणजे कधीच दिसली नाही. हा केवळ आमचा त्रास नव्हता, बरं का. खुद्द अमेरिकेतही लोक हीच तक्रार करत. इतकी, की जानेवारी १९९६ मध्ये फॉक्स या कंपनीनं चकतीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलं आणि टीव्हीवर तिच्याभोवती निळसर झळाळी दाखवली. जोरात मारली की मागे लाल शेपूट! नेहमीच्या प्रेक्षकांना ते फार खटकलं आणि दोनेक वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला.

मोठ्या बाबांना ना झळाळी लागली ना शेपूट. दोन-चार दिवसांत त्यांनी खेळ ओळखला. मी म्हटलं, "मोठे बाबा, तुम्हांला चकती दिसते?" म्हणाले, "चकती नाई पायची. पोट्टे कुठी पाहून राहिले ते पाय. सगळ्यायची नजर जिकडं, चकती तिकडं."

आणि ते खरंच बरोबर सांगत. गोल व्हायच्या आधी ते "गेला!" म्हणत आणि मग पडद्यावर लाल दिवा पेटे. एका बाजूला सहाच खेळाडू, त्यात एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलायचे. त्यांना इंग्रजी कॉमेंट्री समजत नव्हती, संघांची नावं लागत नव्हती, पण ९९ नंबरचा सदरा घातलेला एक सडपातळ गडी त्यांना आवडायचा. "हा मारामारी नाई करत. हा रस्ता शोधते." तो वेन ग्रेट्स्की. या खेळातला मोठ्यातला मोठा खेळाडू तो हाच, हे आम्हांला खूप नंतर कळलं. मोठ्या बाबांना कोणी सांगावं लागलं नाही.

इकडे आम्ही चकती शोधत होतो, तोवर तिकडे कोर्टात फार मोठी गोष्ट चालली होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये हीरो कप क्रिकेट स्पर्धा झाली. (आठवतंय ना? २४ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर सचिननं शेवटचं षटक टाकलं, दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या होत्या, तीनच दिल्या.) त्या स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेनं दूरदर्शनला न देता एका परदेशी कंपनीला दिले. सरकार म्हणालं, देशातून प्रक्षेपण करायचा अधिकार आमचाच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. खंडपीठात तीन न्यायमूर्ती होते, आणि मुख्य निकालपत्रांपैकी एक लिहिलं आपल्या मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मक्तेदारी नाही. तिचा वापर लोकहितासाठी, स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हायला हवा, असा त्याचा आशय.

हा निकाल लोकांना अर्धाच आठवतो. सरकारची मक्तेदारी गेली, एवढाच. पण त्याचा दुसरा भाग असा, की हवा बाजाराचीही नाही. ती सगळ्यांची आहे. हे वाक्य कागदावर राहिलं आणि पहिल्या भागाची अंमलबजावणी मात्र झपाट्यानं झाली.

त्याच वर्षी केबलचा कायदा आला. आधी सप्टेंबर १९९४ चा अध्यादेश, मग १९९५ चा अधिनियम. केबलवाल्यानं नोंदणी करायची ती हेड पोस्टमास्तरकडे! उपग्रहाच्या धंद्याची नोंद टपाल कचेरीत, हे मला अजूनही फार आवडतं. पुढे दुरुस्ती झाली, की दूरदर्शनची किमान दोन चॅनेलं प्राइम बँडमध्ये दाखवलीच पाहिजेत. हे प्राइम बँड म्हणजे काय, तर जुन्या टीव्हीत पहिल्या काही खणांतच चित्र स्वच्छ यायचं. वरच्या खणांत मुंग्या. त्यामुळे कुठलं चॅनेल कुठल्या खणात टाकायचं, हे ठरवणारा केबलवाला म्हणजे गावाचा खरा प्रसारणमंत्री. भाऊला कोणी विचारलं, "अमकं चॅनेल काहून नाई येत?" तर तो म्हणे, "पाहते कोन?"

"पाहते कोन?" या दोन शब्दांत पुढचा सगळा इतिहास आहे.

१९९६ मध्ये ईएसपीएन आणि स्टार यांनी आशियापुरती भागीदारी केली. प्राइम स्पोर्ट्सचं नाव स्टार स्पोर्ट्स झालं. क्रीडा चॅनेलं कुलूपबंद होऊन पैसे देऊन घ्यायची झाली. भारतासाठी वेगळं चित्र, वेगळ्या जाहिराती. जाहिरात आली की मोजणी आली. किती घरांत टीव्ही लावला, किती वेळ पाहिला, याची यंत्रं निवडक घरांत बसवली गेली. पण बराच काळ ही यंत्रं लाखावर लोकवस्तीच्या शहरांतच होती. खेड्यांतली घरं नियमित मोजणीत धरली गेली ती ऑक्टोबर २०१५ पासून. म्हणजे वीसेक वर्षं आपल्या देशाची आवडनिवड ठरत होती, तेव्हा तिरोडा त्या हिशेबात नव्हतंच. मोठे बाबा खुर्ची पुढे ओढून हॉकी पाहत होते, पण त्यांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

मोजणीनं कौल दिला क्रिकेटला. त्यात क्रिकेटचा दोष नाही. मीही पाहतोच की! पण हळूहळू बर्फावरची हॉकी गेली, व्हॉलीबॉल गेला. दूरदर्शननं १८ मार्च १९९९ ला स्वतःचं खेळांचं चॅनेल काढलं, डीडी स्पोर्ट्स. २००२ मध्ये टेन स्पोर्ट्स आलं. आणि २००७ मध्ये स्टार क्रिकेट. भारतात एका खेळाला वाहिलेलं चॅनेल निघालं ते क्रिकेटचं. पुढे टेन क्रिकेट आलं, टेन गोल्फसुद्धा आलं. आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणाऱ्या हॉकीचं चॅनेल काही निघालं नाही.

एक प्रयत्न झाला, तो सांगायलाच हवा. जानेवारी २००५ मध्ये भारतीय हॉकी महासंघ आणि ईएसपीएन-स्टार यांनी मिळून प्रीमियर हॉकी लीग सुरू केली. आयपीएलच्या तीन वर्षं आधी! शहरांचे संघ, परदेशी खेळाडू, रात्रीचे सामने. आपल्या संघाचं नाव मराठा वॉरियर्स, आणि त्यात खडकीचा धनराज पिल्ले. पहिली स्पर्धा हैदराबाद सुलतान्सनं जिंकली. टीव्हीसाठी म्हणून हॉकीचे ३५-३५ मिनिटांचे दोन भाग मोडून साडेसतरा मिनिटांचे चार केले होते. मोठे बाबा वैतागले. "पोट्टा दमला नाई, पानी नाई मांगितलं, अन् यायनं खेळ थांबवला. कायले? साबन विकाले!"

पण सामने मात्र एकही सोडला नाही. त्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नसे. लाइन गेली की ते खुर्ची तशीच ठेवून अंगणात येरझाऱ्या घालत, आणि लाइन आली की आधी स्कोअर विचारत, जणू टीव्हीला अंधारातलंही माहीत असावं.

ती लीग २००८ पर्यंत चालली आणि थांबली. चार भागांची कल्पना मात्र जगली. आंतरराष्ट्रीय हॉकीत २०१४ पासून पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग झाले. टीव्हीला खेळ हवा असतो, पण आपल्या मापाचा. कबड्डीचंही तेच झालं. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली: मातीऐवजी मॅट, तीस सेकंदांची चढाई, तिसऱ्या चढाईला करो या मरो. आमच्याकडे मंडईच्या दिवसांत, रात्री दंडार आणि दिवसा कबड्डी, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. ती कबड्डी आणि टीव्हीवरची कबड्डी सख्ख्या बहिणी आहेत, पण एक सासरी जाऊन पार बदललेली. तरी मी म्हणेन, हे बरंच झालं. निदान आमच्या पोरांना आपला खेळ पडद्यावर दिसला. हॉकीच्या नशिबी तेवढंही धड आलं नाही.

आता नागपूरची गोष्ट. २१ जानेवारी २००७. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना. सौरव गांगुली संघात परतला होता आणि त्यानं ९८ केल्या. भारत ३३८, वेस्ट इंडिज ३२४. तिरोड्याहून नागपूर रेल्वेनं शंभर किलोमीटरच्या आसपास. पण हक्क होते निओ स्पोर्ट्स या नव्या चॅनेलकडे, ते सगळ्या केबलवाल्यांकडे नव्हतं, आणि दूरदर्शनला थेट चित्र मिळालं नाही. शंभर किलोमीटरवरचा सामना आम्हांला दिसेना! एके काळी सातासमुद्रापलीकडची चकती दिसत होती (म्हणजे दिसत नव्हती, पण पाहत तर होतो), आणि आता नागपूर दिसेना.

त्या वादातूनच फेब्रुवारी २००७ मध्ये अध्यादेश आणि मग कायदा आला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र हक्क असलेल्या चॅनेलनं दूरदर्शनला द्यायचं, जाहिरातीच्या उत्पन्नात हक्कदाराचा वाटा ७५ टक्के आणि प्रसार भारतीचा २५ टक्के. न्यायमूर्ती सावंतांच्या निकालातला तो विसरलेला दुसरा भाग थोडासा परत आला, असं म्हणायला हरकत नाही. पण २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असं मिळालेलं चित्र दूरदर्शननं फक्त स्वतःच्या प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवरून दाखवावं. खासगी केबलवर ते जाऊ नये. म्हणजे केबलचे पैसे भरणाऱ्याला दूरदर्शनवर तो सामना नाही, आणि फुकटची छत्री लावणाऱ्याला आहे. तोवर केबलही डिजिटल होऊ लागली होती. नगरपालिकांच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती. सेट टॉप बॉक्स आला, मुंग्या गेल्या, प्राइम बँड गेला, आणि भाऊची प्रसारणमंत्रिपदाची खुर्चीही गेली. आता खण कोण ठरवतं ते आम्हांला दिसतसुद्धा नाही.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, तिनं मात्र मन सुखावलं. कॅनडात १९५२ पासून टीव्हीवर चालत आलेला "हॉकी नाइट इन कॅनडा" हा कार्यक्रम २००८ पासून पंजाबीतही होऊ लागला. हरनारायण सिंग हा तिकडेच वाढलेला पंजाबी मुलगा बर्फावरच्या हॉकीची कॉमेंट्री पंजाबीत करू लागला. २०१६ च्या अंतिम लढतीत निक बोनिनो या खेळाडूनं गोल केला, तेव्हा त्यानं "बोनिनो, बोनिनो, बोनिनो" असा जो घोष लावला, तो सगळ्या अमेरिकेत गाजला आणि पिट्सबर्गच्या संघानं विजयसोहळ्याला त्या पंजाबी चमूला बोलावून घेतलं. खेळ परका, बर्फ परका, पण कानाला आपली भाषा. मग आजी-आजोबा नातवंडांशेजारी येऊन बसायला लागले.

आपल्याकडे हे काम फार पूर्वी बाळ ज. पंडितांनी केलं होतं, रेडिओवर क्रिकेट मराठीत आणून. मग मधल्या काळात टीव्हीवर मराठी फारशी ऐकू आली नाही. २०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर मराठीतही ऐकू आली, आपल्या केदार जाधवनं बोलून दाखवलं. चांगलंच झालं. हॉकीला मात्र मराठी आवाज मिळताना मी ऐकलेला नाही. मोठ्या बाबांनी आयुष्यभर हॉकी हिंदीत ऐकली, इंग्रजीत पाहिली, आणि आमच्याशी झाडीबोलीत बोलली.

लडाखची पोरं आता बर्फावरची हॉकी खेळतात हे त्यांना कळलं असतं तर किती आनंद झाला असता! भारत त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत १९८९ पासून आहे. आपल्या मुलींच्या संघानं मार्च २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. हिवाळ्यात तळी गोठली की तेवढे दोन महिने सराव, बाकी वर्षभर वाट पाहणं. मुरुमावर खेळणाऱ्या माणसाला ही गोष्ट लगेच समजली असती.

पण मोठे बाबा २००९ मध्येच गेले. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत आपण जर्मनीला ५-४ हरवलं आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक आलं, ते त्यांनी पाहिलं नाही. शेवटच्या सहा-सात सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. टीव्ही मोठा, चित्र लख्ख, चेंडू स्वच्छ दिसत होता. आणि माझं लक्ष चेंडूकडे नव्हतंच. मी बाकीच्यांचे डोळे कुठे वळतात ते पाहत होतो.

भाच्याच्या प्रश्नापासून निघालो आणि कुठे येऊन पोचलो! तर, चॅनेल मिळतं ते खेळ किती जुना किंवा किती मोठा यावर नाही. कोण पाहतंय, ते कोण मोजतंय, आणि कुणाला मोजणीतून वगळलंय, यावर. सगळ्यांची नजर जिकडं, चकती तिकडं. फक्त आमची नजर कोणी पाहत नव्हतं.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. मोठ्या बाबांचा खेळतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. रेल्वेच्या टीमचा एक ग्रुप फोटो होता, पुढच्या रांगेत डावीकडून दुसरे, हातात स्टिक, असं आई सांगायची. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो कोणाच्या तरी ट्रंकेत गेला. गोंदियाच्या काकूंकडे, तुमसरच्या आतेभावाकडे, नाहीतर बालाघाटकडच्या कोणाकडे असेल, तर कृपा करून एकदा ट्रंक उघडून पाहा. फोटो पाठवायला नको. तुम्ही सांगाल तेव्हा मी येऊन पाहून जाईन.